पाच वाजताचं पाणी

मामा एकोणीस वर्षं नदीच्या पातळीच्या चौकीवर होते. काम एवढंच: रोज संध्याकाळी पाचला पाण्यात रोवलेली मोजपट्टी वाचायची आणि खालच्या चौकीला फोन करायचा. "दोन मीटर सहा. तुमच्याकडे चौदा तासांनी." पलीकडून खालचे म्हणायचे, "नोंदवलं." झालं. एवढ्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही की नाव विचारलं नाही. आमच्या मामांच्या तोंडून जास्तीचा शब्द काढायचा म्हणजे घट्ट बसलेलं बूच काढण्यासारखंच.

मग यंत्र आलं आणि दोन्ही चौक्या एकाच दिवशी बंद झाल्या. दुपारच्या निरोपसमारंभात मामी डोळे पुसत होती, मामा मात्र ठोंब्यासारखे बसून. मी विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"काहीच वाटत नाही गं. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं झालंय."

पाच वाजता त्यांनी शेवटचा फोन केला. "दोन मीटर दहा. चार बोटं चढलंय." खालचे "नोंदवलं" म्हणाले आणि मग, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, पुढे बोलले. "उद्या दहाला लेकीकडे निघतोय. कायमचा."

मामांनी रोज ऐकून झालेल्या सवयीने उत्तर दिलं, "नोंदवलं." आणि फोन ठेवून दिला.

आपण काय बोललो ते दहा मिनिटांनी डोक्यात शिरलं. परत लावला, तर लाईन कापलेली. सकाळची पहिली बस डोंगराला वळसा घालून दुपारी बाराला पोचते. मामांच्या जावयाची लाल कयाक, एकट्याने वल्हवायची होडी, चौकीमागे पडलेली होती. मामीने अक्कल काढली, पण दोन उकडलेली अंडी बांधूनही दिली. संध्याकाळी साडेपाचलाच मामा पाण्यात.

घाई नव्हती. चौदा तास, म्हणजे नुसतं वाहत गेलं तरी साडेसातला पोचणार. नदीला वळणं इतकी, की चंद्र कधी उजव्या खांद्यावर, कधी डाव्या, कधी पाठीशी. उंच कडे, पांढरे तुरे आलेलं गवत, काठावर पाणी पिणारी जनावरं. दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. "सगळं दिसत होतं," मामा सांगतात, "पण आत काही जात नव्हतं." अंडी खाल्ली, तीही चवीशिवाय.

साडेसात वाजले. चौकीचा पत्ता नाही. आठ वाजले, तरी पुढे नवं वळणच. एकोणीस वर्षं ठणकावून सांगितलेला आकडा चुकीचा होता! मामांनी वल्हं मारायला सुरुवात केली. तळहाताचे फोड फुटले, तेही त्यांना नंतर कळलं.

पावणेदहाला चौकी दिसली. मोजपट्टीपाशी पँट दुमडून एक म्हातारा उभा होता. वर रस्त्यावर गाडी, आणि लेक हॉर्न वाजवत होती. "बाबा, चला ना!"

"थांब गं, दहाचं पाणी येऊ दे."

मामांनी आवाज ओळखला. जवळ जाऊन म्हणाले, "दोन मीटर दहा."

म्हातारा गर्रकन वळला. "वरचे? अहो, लवकर आलात. तुमचं पाणी अजून मागेच आहे."

"चौदा तास..."

"सतरा लागतात. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात. म्हटलं, असू दे. मीच तीन मिळवायचो."

मामा पाण्यात उतरले. "काल तुम्ही निघतो म्हणालात, आणि मी नुसतं..."

"नोंदवलंत ना? मग झालं तर."

दहाला पाणी चढू लागलं. एक बोट, दोन, तीन. चौथ्या बोटाला मामांना रडू फुटलं, अगदी लहान मुलासारखं, मोठ्याने. खालच्यांनी त्यांचा दंड धरून ठेवला. लेकीने पुन्हा हॉर्न वाजवला नाही.