मुलाम्याचे गोठ

घरात कुणी दार लावून शेगडी पेटवली की मी अजून ओरडते. माझ्या सुना म्हणतात, आत्याबाईंचं डोकं फिरलंय. फिरू दे. त्यांनी सुपडूभाऊचे हात पाहिले नाहीत, मी पाहिलेत.

सुपडूभाऊ माझा थोरला भाऊ. लोणखेड्याच्या अलीकडे आमचं गाव, पाटलाचं घर, तापीकाठची काळी जमीन. शहाद्याला मोटार नवीनच येऊ लागली होती तेव्हाची गोष्ट, माझं लग्न व्हायचं होतं. कशाची वाण नव्हती, पण या माणसाला नाद लागला चांदीच्या तारेचा. शेतातून आला की हात धुऊन शांतीलाल सोनाराच्या ओट्यावर. शांतीलाल आधी हसला. मग त्यानं भाऊच्या हातात चिमटा दिला आणि स्वतःचं काम सोडून बघू लागला. असा न हलणारा हात सोनारांतसुद्धा मिळत नाही, असं तो स्वतः म्हणाला. भाऊ तार ओढायला शिकला, डाग देऊन सांधे जोडायला शिकला, वहिनीसाठी जोडवी केली. विकायचं काही नव्हतं, नुसती हौस.

आमच्या दोधूकाकांना ते खपेना. भर चावडीवर म्हणाले, "तू पाटील शे का सोनार?" दुसऱ्या दिवशी भाऊनं आपलं सामान धान्याच्या कोठीच्या खोलीत नेलं. त्या खोलीला खिडकी नाही. वर दार लावून घ्यायचा, कुणी बघू नये म्हणून.

जमनावहिनी त्याच्याजवळ बसायची, निखाऱ्यांवर फुंकणीनं फुंकर घालायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. त्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू यायचं आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, हेवाही वाटायचा.

मग भाऊला मुलामा शिकायचा होता. चांदीच्या दागिन्यावर सोनं चढवायचं. सोन्याचा कीस पाऱ्यात खलायचा, लोण्यासारखा झाला की दागिन्याला माखायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. शांतीलाल हे काम ओट्यावर करायचा नाही. गावाबाहेर निंबाखाली जायचा, आगटीला हळदकुंकू वाहायचा, हात जोडायचा, वाऱ्याकडे पाठ करून बसायचा आणि जवळ कुणाला उभं राहू द्यायचा नाही. भाऊला त्यानं दुरूनच दाखवलं आणि बजावलं, "असंच करज्यात, भाऊ."

भाऊ घरी येऊन म्हणाला, ही सोनारांची रीत. त्यांचा देव, त्यांचा कुळाचार. आपण पाटील, आपल्याला कशाला लागतंय ते? शहाणा माणूस, पण इथं चुकला. हळदकुंकू आणि वारा त्यानं एकाच गाठोड्यात बांधले आणि सगळंच टाकून दिलं. निंबाखाली बसला असता तर दोधूकाकांनी पाहिलं असतं, हेही होतंच.

आईची मोडकी नथ त्यानं किसली आणि वहिनीच्या मनगटातल्या चांदीच्या गोठांवर सोनं चढवलं. काय देखणे झाले होते. मग चटकच लागली. तिचे बाजूबंद झाले, करंडा झाला, देवाचे टाक झाले. दार बंद, आत दोघं. धूर म्हणावा तर दिसायचा नाही, वास म्हणावा तर यायचा नाही.

पोळ्याच्या सुमारास वहिनी म्हणाली, तोंडाला तांब्याची चव येते. हिरड्या सुजल्या. भाकरी थापताना तिच्या हातून पीठ सांडू लागलं. हसरी बाई, पण माणसांना भिऊ लागली. मी हाक मारली तरी दचकायची. आम्ही म्हटलं, नजर लागली. भगत आणला, कोंबडं कापलं.

भाऊचंही तेच. एकदा चिमटा त्याच्या हातून पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. त्याला वाटलं, शेतीच्या कामानं हात जड झाला. आणखी पारा मागायला तो शांतीलालकडे गेला. मी दळणाची पाटी घेऊन तिथंच टेकले होते. शांतीलालनं पाऱ्याची कुपी पुढं केली, आणि भाऊचा हात पाहून मागं घेतली.

"मुलामा कोठे करतस, भाऊ?"

"कोठीनी खोलीमां."

"आनी वारा?"

"खोलीमां कसाना वारा?"

शांतीलाल उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तठे तुमनासंगे आखो कोन बसस?"

भाऊनं ओट्यावरून उडी मारली. तो घराकडे पळत सुटला. मी पाटी तिथंच टाकून त्याच्या मागे धावले.

वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. काही करत नव्हती, हात मांडीवर होते. आणि ते गोठ वाजत होते. ती गप्प बसली होती तरी वाजत होते, किणकिण, किणकिण. भाऊ तिच्यासमोर बसला, तिचे मनगट धरायला हात पुढं केले. पण त्याचे हातही तसेच. चार हात थरथरत होते, गोठ निघेनात. शेवटी मीच ते काढले.

होळीच्या आधी वहिनी गेली. भाऊ पुष्कळ जगला, पण पाण्याचा पेला त्याला आम्हीच पाजायचो.

गोठ माझ्याकडे आहेत. परवा सुनेनं काढून पाहिले. म्हणाली, आत्याबाई, इतकी वर्षं झाली, पण सोनं कुठं उडालं नाही.