अर्धं तोंड काळोखात

"सर, आई चित्राकडं बघतच नाय," उरणच्या मोरा बंदराहून आलेला हरेश म्हणाला. पनवेलच्या माझ्या स्टुडिओत त्याची आई, जनाबाई, चित्राकडे पाठ करून बसली होती. पुढच्या आठवड्यात तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध. तेव्हा त्याचं हे चित्र हार घालून ठेवायचं होतं.

मला वैताग आला. साठी जवळ आली, गुडघे बोलायला लागले, तरी या पोर्ट्रेटमध्ये जीव ओतला होता. इटलीत स्कॉलरशिपवर शिकलो, तेव्हापासूनची माझी ही पद्धत: अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, उरलेला अंधारात. त्याने चेहऱ्याला खोली येते. क्लायंट माझ्याकडे येतात तेच त्यासाठी.

"मावशी, चुकलं काय?"

"अर्धा तोंड काला केलास."

"ती सावली आहे. चेहरा उठून दिसतो."

"त्यो कालोखान गेला," ती म्हणाली. "बोट मिलाली, त्यो नाय मिलाला. घरान तरी उजेडान राऊदे त्याला."

ऑर्डर देताना हरेश एवढंच म्हणाला होता, बाबा वारले. मी लगेच साइज विचारली होती.

काळ्यावर उजळ रंग चढवला की खालचा काळा मळकट होऊन वर येतो. म्हणजे नवा कॅनव्हास. ऑइल आठवड्यात वाळत नाही, म्हणून ॲक्रिलिक. पुन्हा पहिल्यापासून, आणि इटलीचा काडीचा उपयोग नाही.

आठवले ते इथलेच आमचे बॅनरवाले उस्ताद. शाळेच्या सुट्टीत त्यांच्याकडे सिनेमाचे बोर्ड रंगवायचो. "हिरोच्या तोंडावर सावली टाकलीस तर पब्लिक मला शोधत येईल," म्हणायचे. नंतर जयपूरला लघुचित्रं शिकलो. त्यांतही चेहऱ्यावर सावली जवळपास नसतेच, सगळीकडे सारखा उजेड. परदेशातून आल्यावर ही दोन्ही शिक्षणं मी माळ्यावर टाकली होती. आता त्यांच्याच जिवावर काम उरकलं.

जनाबाई पुन्हा आली. चित्रासमोर उभी राहिली.

मग चित्राला म्हणाली, "आयलास? चल घरा."

हरेश दाराबाहेर जाऊन रडला. मलाही भरून आलं, पण आधी खुर्ची शोधली.

पहिलं चित्र अजून स्टुडिओत आहे. खारघरचा एक क्लायंट मागत होता, झकास शेडिंग आहे म्हणे. दिलं नाही.

हल्ली साइज नंतर. आधी विचारतो, माणूस गेला कसा.