तात्या आणि विमानाची तांबडी मूठ

हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण चुकल्यामुळेच जगाची वाट लागली, असं मानणारा बारामतीत एकच माणूस होता आणि तो नेमका आमच्या शेजारी राहत होता. हे शेजारचे तात्या मूळचे निरवांगीचे. विमानदलात उभी हयात इंजिनं दुरुस्त करण्यात गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षं एमआयडीसीच्या रस्त्यावर लोकांच्या मोटारसायकली अडवण्यात. "थांब की लेका, इंजिन उपाशी हाय!" असं म्हणून ते हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला भिडायचे. अलीकडे त्यांचा हात लागला की गाडी जास्तच ठसकायची, पण एवढ्या प्रेमळ माणसाला सांगणार कोण?

रोज संध्याकाळी मला धडा मिळे. "वर आभाळात हवा इरळ, पातळ हुती. मग पेट्रोल बी कमी करावं लागतं. त्याला इमानात एक तांबडी मूठ असती. हळूहळू वडायची, इंजिन थरथरलं की जराशी आत सारायची. लई वडली तर इंजिन बंद. निस्तं कानाचं काम!" गंमत म्हणजे उडत्या विमानात ती मूठ त्यांच्या हाती कधीच आली नव्हती.

मग एकदा त्यांच्या जुन्या साहेबांचा वैमानिक मुलगा छोटं विमान घेऊन आमच्या नव्या धावपट्टीवर उतरला. "काका, आज मूठ तुम्ही सांभाळा," म्हणाला. तात्या इस्त्रीचा सदरा घालून पुढे बसले, मी मागे. हेडफोन मात्र त्यांनी नाकारला. "कानाला झाकान लावल्यावर इंजिन कसं ऐकायचं?"

उसाचे फड खाली बारीक होत गेले. तात्यांनी डोळे मिटून मूठ ओढायला सुरुवात केली. इंजिन थरथरलं, मला मागेसुद्धा कळलं. तात्या ओढतच राहिले.

"काका, बस! काका!"

तात्यांचा चेहरा देवापुढे बसल्यासारखा शांत. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गपगार झालं. वैमानिकाने त्यांचा हात झटकून मूठ आत ढकलली, तेव्हा कुठे इंजिनाने पुन्हा धरलं. तात्यांनी डोळे उघडले. वैमानिकाचा पांढराफटक चेहरा पाहिला, मग स्वतःचा हात.

उतरल्यावर ते माझ्या स्कूटरपाशी आले. मग म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय. तुमा सगळ्यांस्नी ठावं हुतं, व्हय?"

ठाऊक होतं. सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण मी खाली बघत म्हणालो, "वाराच एवढा होता तात्या, मलाही काही ऐकू आलं नाही."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणलास?"

तीच थाप ओरडून मारायचा धीर मला झाला नाही.