रविवारचे वेचे आणि आप्पांचा कावळा

माझ्या चुलत्यांच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता आणि त्याला जबाबदार मी होतो, यावर आमच्या भावकीचं एकमत आहे. एवढं एकमत बांधाच्या बाबतीतही कधी झालेलं नाही.

मी नगरला बँकेत होतो. निवृत्त झाल्यावर दिवसभर मोबाईलवर वाचत बसायची सवय लागली. वाचलेलं पोटात राहीना, म्हणून दर रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर ‘रविवारचे वेचे’ पाठवू लागलो. आठवडाभरात इंटरनेटवर जे जे चमत्कारिक सापडलं त्याचा गोषवारा आणि खाली लिंका! मध खराब का होत नाही, वटवाघूळ उलटं का लटकतं, असं. ग्रुपवर मंडळी बक्कळ, पण उत्तर यायचं फक्त गावाकडून, प्रवरेकाठच्या बेलापूरहून, आप्पांचं. आप्पा म्हणजे हेच चुलते. माझे वडील लहानपणीच गेले, तेव्हा मला आप्पांनीच वाढवलं, शिकवलं. वेचे टाकायचा अवकाश, आप्पांचा अंगठा हजर! (बाकीच्यांनी ग्रुपचा आवाज कायमचा बंद करून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं.)

ते आप्पा हार्ट अटॅकनं गेले. मी लहान पोरासारखा रडलो. त्या आठवड्यात वेचे पाठवले नाहीत, पाठवणार कुणाला?

दहावा रविवारी आला. प्रवरेच्या काठी सगळे जमले. पिंड ठेवला. कावळा शिवला की माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याच्या मनात काहीतरी राहिलंय, अशी आमच्याकडे समजूत. समोरच्या बाभळीवर कावळे होते, चांगले गुबगुबीत, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. गुरुजी हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिववू या का?”

काकू पिंडाकडे एकटक बघत बसली होती. “न्हाई. खरा कावळा शिवल्याबिगर मी पान्याचा थेंब घेनार न्हाई.”

काकूला शुगर आहे. पहाटेपासून पोटात काही नव्हतं.

आप्पांचा मुलगा संपत पुढे झाला आणि हात जोडून ओरडला, “आप्पा, आईला संभाळतो!” कावळे ढिम्म. “आप्पा, घोडेगावच्या बाजारातनं म्हैस आनतो!” एका कावळ्यानं चोच फांदीला घासली, बस्स.

तेवढ्यात मला माझाच एक जुना वेचा आठवला, आणि आठवलेलं न सांगता बसणं माझ्या रक्तात नाही.

“कावळा माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो,” मी म्हणालो. “ज्यानं त्रास दिला त्याच्यावर डूख धरतो. मागच्या महिन्यात मी पाठवलं होतं.”

पाठवलेलं कुणी वाचलं नव्हतं, पण आता सगळ्यांच्या माना संपतकडे वळल्या. संपत पेरूच्या बागेत दिवसभर गलोल घेऊन कावळे हाकलतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“मला कसा वळखंल?” संपत गडबडला. “डोकं भादारलंय, मिशी काढलीय. सकाळी बायकूनं वळखलं न्हाई!”

“बायकूचं सोड,” शेजारचे तात्या म्हणाले. “कावळ्याची नजर लई वाईट. तोंड झाक!”

संपतनं तोंडाला टॉवेल गुंडाळला. कावळे तसेच. मग तात्यांना आठवलं की उन्हाळ्यात पापडांवर बसलेल्या कावळ्यांना त्यांनीही काठी दाखवली होती. त्यांनी उपरणं ओढलं. मग एकेकाचा पूर्वइतिहास बाहेर पडायला लागला आणि बघता बघता अख्खा घाट तोंड बांधून बसला! अशात श्रद्धांजलीचं भाषण करायला एक पुढारी उतरले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिलं, काही न विचारता खिशातून रुमाल काढून स्वतःच्या तोंडाला बांधला आणि रुमालातूनच माईकवर “आप्पांच्या जाण्यानं परिसराची मोठी हानी झाली” असं बोलून ते पुढच्या दहाव्याला रवाना झाले. कावळे तसेच.

“सोडा ती फडकी!” काकू एकदम कडाडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सुरेश, आज रईवार हाय. दर रईवारी मोबाईल हातात घेऊन तुझ्या त्या वेच्याची वाट बघायचे. त्याच्यासाठीच थांबलं असतील. वाच बाबा.”

मला भरून आलं. (खरं सांगायचं तर जरा अभिमानही वाटला.) कुणीतरी माईक हातात दिला. मी चष्मा पुसला, मोबाईल काढला आणि गंभीरपणे वाचू लागलो, “ऑक्टोपस या समुद्री प्राण्याला तीन हृदयं असतात.”

“तीन?” तात्या म्हणाले. “आप्पाला एक जपता आलं न्हाई.”

बायकांमध्ये हुंदका फुटला. मी घाईघाईनं शहामृगाच्या डोळ्यावर आलो, तिथून केळीच्या झाडावर.

“दादा,” संपत माझ्या कानाशी आला, “कावळं लांबच्या लिंबावर चाललेत.”

“अरे, आप्पांना आवडायचं हे!”

संपतनं मान खाली घातली. मग हलकेच म्हणाला, “दादा, रागवू नको. आप्पांना ते बारीक अक्षर दिसत नव्हतं. नुसता अंगठा द्यायचे. म्हनायचे, पोरगं शहरात एकटं बसतंय, कुनीतरी हाय म्हनून कळू दे त्याला.”

माईक चालूच होता. हे वाक्य सगळ्या घाटानं ऐकलं.

ज्या माणसानं मला सायकलवर बसवून शाळेत नेलं, तो शेवटपर्यंत माझी सोबत करत होता, आणि मी समजत होतो की मीच आप्पांचं ज्ञान वाढवतोय! मी मोबाईल बंद केला, हात जोडले आणि म्हणालो, “आप्पा, चुकलो. यापुढं ग्रुपवर एकही वेचा टाक—”

वाक्य पुरं व्हायच्या आत लिंबावरून कावळा सुटला तो थेट पिंडावर!

काकूच्या पदराआडून खुदकन आवाज आला. दहा दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती, आणि डोळ्यांतून धार लागली होती. “बघ,” ती म्हणाली, “एवढंच राहिलं हुतं!” मग तिनं पाणी घेतलं. मी स्वतःच्या हातानं तिला वरणभाताचे दोन घास भरवले.

घाटावर दिलेला शब्द मोडता येत नाही. ग्रुप शांत झाला. पुढच्या रविवारी सकाळीच काकूचा फोन.

“आज काय आलं न्हाई तुझं?”

“काकू, शब्द दिलाय मी.”

“ग्रुपवर टाकनार न्हाई म्हनालास. मला वाचून दाखवायला कुनी बंदी केलीय? घर लई शांत वाटतंय रं.”

तेव्हापासून दर रविवारी मी फोनवर काकूला वेचे वाचून दाखवतो. ती ऐकते की नाही देव जाणे. मध्येच कुकरची शिट्टी होते, मध्येच ती गवळ्याशी भांडते. परवा मुंग्यांच्या वारुळाविषयी अगदी रंगात येऊन वाचत होतो, तर पलीकडून, तिच्या अंगणातून, काव काव ऐकू आलं. मी जागच्या जागी थांबलो.

“का रं थांबलास?” काकूनं विचारलं.

“काही नाही काकू,” मी म्हणालो, “आप्पा म्हणतायत, पुरे.”