गंगेवरच्या नामावळीतलं दुसरं पान

अकोल्याहून निघालेली गाडी सकाळी नाशिक रोडला पोहोचली तेव्हा मी निफाडच्या आधीपासून घोरत होतो. काकांनी एकच काम सांगितलं होतं. आमचा कुलवृत्तांत छापायला जाणार होता आणि त्यासाठी पंचवटीतल्या उपाध्यायांकडच्या नामावळीतल्या (यात्रेकरूंच्या कुळांची नोंदवही) आजोबांच्या पानाचा फोटो हवा होता. आजोबांनी धाकट्या भावाविरुद्ध जमिनीचा दावा जिंकला, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात पंगतीला निघते. हरलेल्या गोविंदा आजोबांविषयी एवढंच सांगतात, की ते निपुत्रिक वारले.

"गंगेवर ना?" रिक्षावाल्याने विचारलं. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. उतरल्यावर आधी मिसळ खाल्ली आणि नाक पुसतच एका गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"तुमचं गाव आमच्याकडे नाही. पलीकडच्या बोळात विचारा," ते म्हणाले. उपाध्यायांनी गावं वाटून घेतलेली असतात, हे मला कुठे ठाऊक! भाजीबाजारातून, स्कूटर चुकवत पलीकडे गेलो.

तिथल्या गुरुजींनी लाल फडक्यातून लांबट वही काढली. आजोबांचं टपोरं अक्षर, खाली सही. 'धाकटा बंधू गोविंदा निपुत्रिक, घर सोडून गेला.' मी फोटो काढला.

"पुढचं पान बघा की," गुरुजी म्हणाले. "तेही तुमचंच."

'मी गोविंदा. दाव्यात हरलो. निफाडास राहतो. पत्नी, दोन मुलगे.' मुलांची नावंही होती.

"मग आजोबांची ओळ खोडली का नाही?"

"आम्ही खोडत नाही. यजमान येतो, आपल्या हाताने लिहितो. कोण जिंकलं ते आम्ही विचारत नाही."

काकांना फोन लावला. "ते पान राहू दे," काका म्हणाले. "केस आपण जिंकलोय."

"पण ते निपुत्रिक नव्हते, काका!"

"पुस्तक आपलं आहे ना?"

मला राग आला. तरी वही मिटवेना. खाली निळ्या बॉलपेनने गोविंदा आजोबांच्या नातवाची नोंद होती. गेल्या वर्षी तो वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. स्वतःच्या निफाडच्या घरातली नावं लिहून झाल्यावर त्याने लिहिलं होतं, 'थोरलं घर, अकोला.' त्याखाली आम्ही सगळे होतो. काका, मी, माझी मुलगीसुद्धा. "गावच्या भावकीतून खबर ठेवतो, म्हणाला," गुरुजींनी सांगितलं.

माझ्या वडिलांच्या नावापुढे 'कै.' होतं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. ते लिहायला आमच्यापैकी कोणीही इथे आलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुजींनी पेन पुढे केलं. आजोबांच्या सहीखाली मी लिहिलं, 'गोविंदा आजोबांचा वंश आहे. पुढील पान पाहावे.' आणि सही केली.

परतीच्या गाडीत काकांना दोन्ही पानांचे फोटो पाठवले. पुस्तकात ते एकच पान छापतील, हे मला कळत होतं. तेवढ्यात निफाडची पाटी मागे गेली. गाडी थांबली नाही. येताना इथून मी झोपेत गेलो होतो. इथल्या एका घराला माझ्या मुलीचं नाव माहीत आहे. मी फोनवरचा फोटो मोठा केला आणि त्यांच्या मुलींची नावं पाठ करायला घेतली.