शिवकन्या शेळ्या मोजत नाही

"शेरडं राखायला पगार? अन् त्योबी तुला?" मसाजी हसला, तेव्हा त्याची लेक शिवकन्या भाकरी बांधत होती. पुसेगावच्या या धनगराच्या पोरीनं नववीतूनच शाळा सोडली होती. तेव्हापासून रान आणि कळप, एवढंच. जवळा बाजारच्या रस्त्यावर शेळीपालनाची एक कंपनी आली होती, तिला सुपरवायझर हवा होता. पदवी नको, काम करून दाखवा, एवढीच अट. नोकरी नाही मिळाली तर यंदा लग्न, हे घरात ठरलेलं.

"बघून तर येते, बा," म्हणाली आणि निघाली.

डिप्लोमावाली पोरंही आली होती. मॅनेजर पुनम मॅडमनी सगळ्यांना पहिलं काम एकच दिलं, गोठ्यातल्या शेळ्या मोजायच्या. पोरांनी आकडा सांगितला, बरोबर सांगितला. शिवकन्या आत फिरून आली आणि गप्प.

"किती?"

"आमच्यात जित्राब तोंडानं मोजत न्हाईत, मॅडम. दिष्ट लागती."

मागं कुणीतरी पुटपुटलं, गेली हिची नोकरी. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "मग एखादी हरवली तर तुला कळणार कसं?"

"आताबी एक न्हाईच की." तिनं कोपऱ्यातलं करडू दाखवलं. बाकीची पिल्लं आयांना लुचत होती. हे एकटंच शेळीमागून शेळी हुंगत परत फिरत होतं. "ह्याची माय कुठं नेली?"

खुराला जखम होती म्हणून ती शेळी सकाळीच मागच्या शेडात नेलेली. मॅडम त्या करडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुझ्यासारखंच माणूस हवंय. पण ऑफिसला रोज आकडा लागतो, त्याशिवाय ठेवता येणार नाही.

शिवकन्या अडली. आज्यापासून चालत आलेली रीत होती ती.

"लिहून देईन," ती शेवटी म्हणाली. "बोलणार न्हाई."

"चालेल. उद्यापासून ये."

"उद्या न्हाई जमत. घरची एक शेरडी व्यायला झालीय. परवा येते."

आता मॅडम हसल्या. परवा तर परवा.

कामाच्या पहिल्या दिवशी मसाजी ठेवणीतला पटका बांधून लेकीला सोडायला आला. ती आत गेली तरी हा फाटकातून हलेना. वॉचमननं हटकलं, तुमी कोण, काहून थांबून राहिले?

"सुपरवायझरचा बाप हाय मी," मसाजी म्हणाला, आणि उन्हात उगीच आणखी जरा वेळ उभा राहिला.