लालबागच्या वाटेवर सासरे उपाशी

मुंबई हे बेट आहे, हे मला लग्नानंतर सासऱ्यांनी सांगितलं. मी जन्मापासून गिरगावातला. मुंबई म्हणजे चौपाटी आणि तिच्यामागच्या आमच्या चार गल्ल्या, अशी माझी ठाम समजूत होती.

सासरे देवगडहून बोटीने आले. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी घासही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम! म्हणून दुपारचं जेवण लालबागला त्यांच्या चुलतभावाकडे ठरलेलं. त्याआधी चौपाटी दाखवावी म्हटलं, तर भडकलेच.

"दर्यो माझ्या परसात आसा! बेटाच्या पोटात काय आसा ता दाखवा!"

"दाखवतो की! मुंबई पाठ आहे मला."

"ठाकूरद्वारापलीकडे जाताना कुणाला तरी वाट विचारा हो," बायकोने दारातून बजावलं. माझं डोकंच फिरलं. (बापासमोर बोलायची काही गरज?)

ट्राममधून मी इतक्या ऐटीत उतरलो की ती निघून गेल्यावर कळलं, हे लालबाग नव्हे! जिकडे तिकडे गिरण्या, चाळी, पुन्हा गिरण्या. ऊन रणरणत होतं. शेवटी सासरे थांबले.

"जावयबापू, ह्या भिंतीक मगाशीच भेटलंव मां?"

"ती दुसरी होती!"

"विचारा कोणाक तरी!"

"मुंबईच्या माणसाने मुंबईत वाट विचारायची?" मी ओरडलो.

एवढ्यात मोर्चा आला. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' हा लालबागलाच जाणार, अशी खात्री धरून मी सासऱ्यांना आत ओढलं आणि सगळा राग घोषणांत काढला. मोर्चा चालला, चालला, दादरच्या मोठ्या मैदानावर सभेला येऊन थांबला. मैदानाच्या टोकाला गार वारा लागला. समोर समुद्र!

"दर्यो!" सासरे गरजले. "उपाशी फिरवन् दर्योच दाखवलंस? जी मुंबय तुका ठावक नाय, ती मागतंस कित्याक रे?"

(अरे-तुरे! लग्नात याच माणसाने माझे पाय धुतले होते!)

"चौपाटी नको, हे तुम्हीच म्हणालात!" मीही पेटलो. भांडता भांडता टॅक्सीत बसलो, पण रागाच्या भरात चुलतभावाच्या चाळीचं नाव दोघांनाही आठवेना. मला पत्ता ठाऊक असलेलं घर मुंबईत एकच होतं. माझं!

घरात शिरताच सासरे पाटावर बसले. "भात वाढ गो!" नेम गेला खड्ड्यात. बायको रडकुंडीला येऊन वाढू लागली. चाळीत दारं कुठली बंद असायला? सासऱ्यांचा नेम ठाऊक असलेल्या शेजारच्या काकू डोकावल्या.

"अगंबाई, बाबा जेवतायत! म्हणजे गोड बातमी?"

"तसलं काही नाही!" मी किंचाळलो.

"लाजतायत," म्हणत काकू बातमी वाटायला निघाल्या.

संध्याकाळपर्यंत चाळीतल्या सगळ्या बायका आमच्या दारात. "डोहाळे काय लागलेत गं?"

माझ्याकडे डोळे वटारून बायको कडाडली, "एकच! यांनी कुणाला तरी वाट विचारावी!"